दारावरची फुली

जाहिरात हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला तरी माझं डोकं फिरतं. परवा शेजारचा शिंपी सहज म्हणाला, वहिनी, दुकानाची जरा जाहिरात करायला हवी. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो कात्री तिथेच ठेवून आत गेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण ज्याच्या अंगाशी आलंय त्याला हे असले शब्द सहज ऐकता येत नाहीत.

आमचं दुकान कुलपांचं. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला आणि मध्ये आम्ही. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पोट आत घ्यावं एवढीच जागा. भिंतीवर कोऱ्या चाव्यांच्या माळा, कोपऱ्यात चावी कापायचं मशीन आणि सगळीकडे पितळेचा बारीक कीस. तो केसांत जातो, चहात पडतो, सकाळी उशीवर सापडतो. आमचे हे कुलपांतच वाढले. नुसतं कुलूप हातात घेऊन हलवलं तरी आत काय बिघडलंय ते सांगतात. मशीनवर माझा धाकटा भाऊ बसायचा. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. तिशी उलटली, कानाशी केस पांढरे व्हायला लागले, तरी बारक्याच. अंगानं काडी, बोलायला मऊ आणि लहानपणापासून दम्याचा. खिशात त्याचा तो तोंडात मारायचा औषधाचा पंप कायम असायचा. किसानं दम वाढतो म्हणून मी त्याला तोंडाला फडकं बांधायला लावायची. मी पाठ फिरवली की फडकं गळ्यात.

मोठ्या रस्त्यावर ते काचेचं, गारगार दुकान झालं आणि आमची नवी कुलपं फळीवर धूळ खात बसली. आमच्याकडे येणार कोण, तर चावी हरवलेले. चावी हरवलेला माणूस चिडलेलाच येतो आणि काम झालं की तोंड फिरवून जातो, त्याला काय विकणार. तेवढ्यात यांना कुठून तरी कळलं, की छोट्या धंदेवाल्यांसाठी प्रचाराचा वर्ग निघालाय. शाळेच्या हॉलमध्ये, फुकट. मी म्हटलं, फुकट आहे म्हणजे तुमचंच कुणीतरी गिऱ्हाईक करतंय. पण ऐकतील तर शपथ.

वर्ग घेणारे सर मी नंतर पाहिले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कायम पेन, आणि कशाचंही नाव काढा, त्याचे प्रकार सांगायला तयार. मी त्यांचं नाव प्रकारवाले ठेवलं. प्रचाराचे प्रकार, गिऱ्हाइकाचे प्रकार, हसण्याचे प्रकार. हे घरी येऊन तेच पाजळायचे. ताटावर बसल्या बसल्या सांगायचे, अगं, जाहिरात वेगळी आणि सवलत वेगळी. जाहिरात म्हणजे आपण ओरडायचं, सवलत म्हणजे गिऱ्हाइकाला ओढायचं, आणि तोंडी प्रचार म्हणजे गिऱ्हाइकानंच आपल्यासाठी ओरडायचं. हा तिसरा सगळ्यात भारी, पण तो विकत मिळत नाही. मी म्हटलं, भाजी वाढू का, तीही विकत मिळाली नाही, मीच केलीय.

मग एकेक प्रकार आमच्या दुकानावर सुरू झाला. नवीन पाटी रंगवली. लाल अक्षरांत 'विश्वास' लिहिलं, आणि रंगाऱ्यानं वेलांटी उलटी काढली. ती सुधारून घेण्यात पाटीचा विश्वासच पुसट झाला. मग सवलत. कुलपाबरोबर जादा चावी मोफत. एक बाई म्हणाली, जादा चावी असली की जादा काळजी, ती कुणाच्या हाती लागली म्हणजे? नको म्हणाली. मग मोफत तपासणी, आम्ही घरी येऊन कुलूप तपासून देऊ. तिथे तर हसावं की रडावं कळेना. कुलूपवाला दारात उभा राहून कडी-कोयंडा निरखायला लागला की घरातल्या माणसाच्या कपाळावर आठ्या. एका गृहस्थांनी यांना चहा दिला, पण दारातच, आणि हे जिन्यावरून खाली उतरेपर्यंत ते वरून बघत राहिले. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. आपला धंदा असा, की आपण जितकं कौतुकानं बघू तितकी लोकांना धडकी भरते. हे मी यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, तू ना, उगाच.

प्रकारवाल्यांनी त्यावर तोडगा काढला. म्हणे, तुम्ही आंधळा प्रचार करताय. आधी गरज कुणाला आहे ते शोधा. पत्रकं वाटा, पण वाटताना बघून ठेवा, कुठल्या घरी माल खपेल. मग फक्त तिथेच पुन्हा जा.

पत्रकं वाटायला बारक्या निघाला. जवळच चार मजली इमारतींची एक मोठी सोसायटी आहे, सगळ्या इमारती एकसारख्या, पिवळ्या. दुपारी दुकानात सामसूम असते, तेव्हा तो जायचा. दाराच्या फटीतून पत्रक सरकवायचा. पण त्या इमारती एवढ्या सारख्या की पहिल्या दिवशी एकाच जिन्यात तो दोनदा गेला आणि दुसरा राहून गेला. तेव्हा यांनीच त्याला दुकानातला खडू दिला. पत्रक टाकलं की चौकटीवर खाली, बारीकशी बरोबरची खूण. आणि कुलूप जुनं, कच्चं, सहज उघडणारं दिसलं, तर तिच्याशेजारी फुली. फुली म्हणजे इथे आपलं गिऱ्हाईक आहे, पुन्हा जायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही? नाही आली. सगळं आयुष्य कुलपात गेलेल्या माणसाला कच्चं कुलूप दिसलं की ते बदलावंसं वाटतं. ते पाहून दुसऱ्या कुणाला दुसरं काही वाटेल, हे त्याच्या मनाला शिवतच नाही. आणि मला तर हा खडूचा प्रकार ठाऊकच नव्हता. मला कळलं ते चष्मेवाल्या मावशींकडून.

मावशी त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जाड भिंगाचा चष्मा आणि हातात पिशवी, असं त्यांचं रूप. त्या दुकानात आल्या आणि पिशवी काउंटरवर टेकवली. म्हणाल्या, तुमच्याकडचं सगळ्यात मजबूत कुलूप द्या. कुणीतरी माझ्या दारावर खूण करून गेलंय. फोन काढून त्यांनी फोटो दाखवला. चौकटीवर खाली खडूची बरोबरची खूण आणि शेजारी फुली.

मी ती खूण ओळखली. बारक्याच्या खुणेची शेपटी नेहमी वर जाऊन वळते. शाळेपासून तशीच. मी मशीनकडे पाहिलं. बारक्या खाली मान घालून चावी घासत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. यांनी फोटो पाहिला, मावशींकडे पाहिलं, आणि फळीवरून ते मोठं पितळी कुलूप काढलं. म्हणाले, हे घ्या. हे उघडणारा अजून जन्माला यायचाय.

मी काउंटरखालून यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. यांनी पाय मागे घेतला आणि पावती फाडली.

मावशी गेल्या आणि मी तोंड सोडलं. म्हटलं, त्या बाईला रात्रभर झोप लागणार नाही आणि तुम्ही मूग गिळून बसलात? सांगायला काय जातं, की बाई, ती आमची खूण आहे, आमचं पत्रक आलं होतं ना, त्याची? हे म्हणाले, अगं, सांगतो. आता लगेच सांगितलं तर ओशाळल्यासारखं होईल. कुलूप तर तिला हवंच होतं, तिचं खरंच खिळखिळं आहे. बारक्या म्हणाला, ताई, मी जाऊन माफी मागून येतो. हे म्हणाले, थांब रे जरा.

ते 'थांब जरा' आमच्या मुळावर आलं.

मावशींनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मग ज्यानं त्यानं आपापली चौकट तपासली. पुरावा राहावा म्हणून खुणा पुसायच्या नाहीत, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सगळ्यांना बजावलं. संध्याकाळी दुकानासमोर माणसं. दुसऱ्या दिवशीही. जो येईल तो फोन काढून खूण दाखवायचा, काही जण तर हातवारे करून सांगायचे, म्हणे टोळी आहे, खूण म्हणजे घरात म्हातारं माणूस, फुली म्हणजे दागिने. फळीवरची धूळ खाल्लेली सगळी पितळी कुलपं गेली, नवीन माल मागवला, तोही गेला. झेरॉक्सवाला म्हणाला, वहिनी, तुमचं नशीब फळफळलं. माणसं घाबरून आमच्याकडे येत होती आणि हे प्रत्येकाला तेच ऐकवत होते, उघडणारा जन्माला यायचाय म्हणून. मी काही बोलायला गेले की हे मध्येच म्हणायचे, अगं, आतून जरा तो खोका आण. बारक्या आता न सांगता तोंडाला फडकं बांधायचा आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसायचा.

त्यातच प्रकारवाले अवतरले. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, शिकलेला माणूस आहे, यांना चार शब्द सुनावेल. तर ते पेन हलवत म्हणाले, वहिनी, याला म्हणतात तोंडी प्रचार. अहो, मोठमोठ्या कंपन्या यासाठी जिवाचं रान करतात. तुम्ही खोटं काही बोललात का? नाही. तुम्ही फक्त गप्प आहात. गप्प राहणं हासुद्धा प्रचाराचाच एक प्रकार आहे. मी म्हटलं, सर, चहा संपला असेल तर उठा. त्यानंतर ते आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

मग पहिली चोरी झाली.

सोसायटीतल्या एका घरी नवरा-बायको दोघं नोकरीला. भरदुपारी कुलूप उचकटून घर धुऊन नेलं. त्यांनी आमच्याकडून नवं कुलूप घेतलं नव्हतं, उद्या-परवा घेऊ म्हणाले होते. त्यांच्या चौकटीवर फुली होती. पाठोपाठ दुसरी. सोसायटीची पाण्याच्या पंपाची खोली आहे, तळमजल्यावर, जिन्याखाली, पत्र्याचं दार असलेली. तिचंही कुलूप जुनाट म्हणून बारक्यानं फुली केली होती. चोरांनी पंपच उचलून नेला. सगळ्या इमारतीला पाणी नाही, बायका बादल्या घेऊन खाली. दोन दिवसांनी नवा पंप बसला, तेव्हा सेक्रेटरी स्वतः दुकानात येऊन पंपाच्या खोलीसाठी आमचं पितळी कुलूप घेऊन गेले.

आजवर घाबरवायला नुसत्या खुणाच होत्या. आता कुणीतरी त्या वाचायला शिकलं होतं. कोण तो, आजपर्यंत कळलेलं नाही. आमच्या बारक्यानं त्याला एकेक दार नीट दाखवून ठेवलं होतं, इथे कच्चं आहे, इथे जा.

त्या रात्री मी यांना सोडलं नाही. म्हटलं, उद्या सेक्रेटरीकडे जायचं आणि सगळं सांगायचं. हे पलंगावर बसले होते, डोकं हातात धरून. म्हणाले, आता काय सांगू? पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर हसले असते. आता म्हणतील, यांनीच खुणा केल्या, यांनीच चोऱ्या केल्या आणि यांनीच कुलपं विकली. तूच सांग, दुसरं कुणी असतं तर तू काय म्हणाली असतीस? मीसुद्धा तेच म्हटलं असतं. यांचा मला इतका राग आला होता, आणि तेवढीच कीवही येत होती. शेवटी ठरलं, की दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघांनी जायचं, जे होईल ते होईल. बारक्या दाराशी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, ताई, निदान उरलेल्या खुणा पुसून टाकू का मी? फुल्या तशाच आहेत, आज कुणाच्या घरी जातील? मी म्हटलं, खबरदार त्या जिन्यात पाऊल ठेवलंस तर. तो बरं म्हणाला. माझ्या कुठल्याही गोष्टीला तो बरंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही आतल्या बाजूला जेवायला बसलो. बारक्याला हाक मारली, तर मशीन बंद. मशीनवरचं ओलं फडकं गायब. गल्ल्याच्या खणात त्याचा औषधाचा पंप तसाच पडलेला. मी तो पाहिला आणि म्हटलं, हा असा कसा विसरला. एवढं मनात येतंय तोच यांचा फोन वाजला.

सेक्रेटरी होते. आवाज एवढा खुशीत की मला लांबून ऐकू आला. चोर सापडला, म्हणाले. मावशींच्या दाराशीच पकडला. खिशात खडू मिळाला. पंपाच्या खोलीत कोंडून ठेवलाय, तुमचंच कुलूप लावलंय, आता काय तो सुटत नाही. पोलिसांना कळवलंय. या तुम्हीही बघायला.

यांचा घास हातातच राहिला. मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. यांनी हत्यारांची पिशवी खांद्याला मारली, शटर खेचून कुलूप लावलं. सवयीनं लावलं, चावी जुडग्यात अडकवली. आणि आम्ही पळालो. तो खणातला पंप उचलायचं माझ्या ध्यानात आलं नाही. बारक्या पकडला गेलाय, त्याला लोक मारतील, एवढंच डोक्यात. त्याची छाती आठवलीच नाही. मी त्याची सख्खी बहीण.

सोसायटीत मला वाटलं होतं आरडाओरडा असेल. तसं काही नव्हतं. जिन्याखाली माणसं शांत उभी होती. कुणी खुर्ची आणली होती, कुणी फोन धरून होतं. आम्ही आत शिरलो तशी कुणीतरी मागे गेट लावून घेतलं. पत्र्याच्या दारावर आमचं पितळी कुलूप चकाकत होतं.

मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे, दार उघडा.

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मी तिथे उभं राहून सगळं सांगितलं. पत्रकं, खडू, बरोबरची खूण, फुली, सगळं. धापा टाकत, मागचं पुढे, पुढचं मागे. सेक्रेटरींनी माझं सगळं ऐकून घेतलं. रिटायर माणूस, पांढरा शर्ट, आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, वहिनी, मग कुलूप विकताना का नाही सांगितलंत? मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला, मला नीट बघण्यासाठी.

मी म्हटलं, चुकलं. पण त्याला दमा आहे, आत कोंडून ठेवू नका.

सेक्रेटरी म्हणाले, पकडला की सगळ्याच चोरांना दम लागतो. आणि त्यानं स्वतःच कबूल केलंय. आम्ही जिन्यात धरला तेव्हापासून एकच घोषा लावला होता, पंप, पंप, पंप. आम्ही विचारलं, कुठे ठेवलास पंप? तर पुन्हा पंप. म्हणूनच इथे आणला त्याला. म्हटलं, दाखव, कसा नेलास.

मी यांच्याकडे पाहिलं, यांनाही कळलं होतं. मी ओरडले, अहो, तो औषधाचा पंप मागत होता, तोंडात मारायचा, दुकानात खणात आहे, कुणीतरी पळत जा. पण एवढ्या माणसांत एकही जागचं हललं नाही. सगळे सेक्रेटरींकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, आता आठवलं होय हे.

मी पत्र्याला कान लावला. आतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. आई गेल्यावर रात्र रात्र मी तो ऐकत बसलेली आहे. मी यांना म्हटलं, उघडा.

कुलपाची चावी सेक्रेटरींच्या खिशात होती. ते म्हणाले, पोलीस आल्याशिवाय नाही.

हे क्षणभर तसेच उभे राहिले. मला माहीत आहे त्यांच्या मनात काय चाललं होतं. समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या दाराला तेच कुलूप होतं, त्यांनीच विकलेलं. मग त्यांनी पिशवीतून दोन तारा काढल्या आणि गुडघ्यावर बसले. एखाद्यानं नाक शिंकरावं तेवढा वेळ लागला. खट् आवाज झाला आणि कुलूप त्यांच्या हातात आलं.

बारक्या भिंतीला टेकून बसला होता, एक डोळा सुजलेला, ओठ निळे. मी त्याला धरून उजेडात ओढला. त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही हो. सगळे यांच्या हातातल्या कुलपाकडे पाहत होते. मग मावशी हळूच म्हणाल्या, माझ्या दाराला हेच आहे ना?

हे खाली बघत होते.

सेक्रेटरी पुढे आले. यांच्या हातातून तारा घेतल्या, पिशवी घेतली, कमरेचं चाव्यांचं जुडगं काढून घेतलं. म्हणाले, हे पोलिसांसमोर जाईल. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, त्यातल्या एका चावीनं आमचं दुकान उघडतं, तेवढं उघडून तो पंप आणून द्या, मग आम्हाला फासावर द्या. ते म्हणाले, पोलीस आल्यावर, पंचांसमोर दुकान उघडू. मध्ये काही इकडेतिकडे व्हायला नको. आणि मग अगदी पाहुण्याला सांगावं तसं म्हणाले, तुम्ही तिघंही आत बसा जरा.

धक्काबुक्की कुणी केली नाही. माणसं नुसती जवळ आली, आणखी जवळ आली, आणि आम्ही मागे सरकत सरकत आत गेलो. दार लोटलं गेलं. कुलूप लावायच्या भानगडीत या वेळी कुणी पडलं नाही. बाहेरून माणसंच पत्र्याला पाठ लावून बसली.

आत अंधार, ओल आणि तेलाचा वास. मी बारक्याचं डोकं छातीशी घेतलं, त्याची बटणं सोडली, सांगितलं, नाकानं घे, हळू घे, येतीलच आता. तो माझं बोट धरून होता. हे दारावर थापा मारत होते, बाहेरच्यांना हाका मारत होते, नावं घेऊन, कुणाला कधी कुठलं कुलूप दिलं ते आठवून आठवून. बाहेर बायका बोलत असाव्यात, की सकाळपासून टाकीत पाणी नाही. कुणीतरी बाहेरचं बटण दाबलं आणि आमच्या शेजारी तो नवा पंप धडधडत सुरू झाला. त्या आवाजात यांच्या हाका बुडाल्या. बारक्याची शीळही मला ऐकू येईना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून होते, पण खाली जमीनच एवढी थरथरत होती की काय हलतंय, त्याची पाठ की फरशी, मला समजत नव्हतं.

टाकी भरली तेव्हा पंप बंद झाला.

पोलीस आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पत्र्याला टेकलेली माणसं उठली, कपडे झटकून बाजूला झाली आणि दार उघडलं. आम्ही दोघं बाहेर आलो.